लघुरेल्वे इंजिनांतील झिजलेल्या मोटरी आणि निकामी इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सुटे भाग : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

लघुरेल्वे म्हणजे लहान मुलांचे महागडे खेळणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. युरोप, अमेरिका व जपानमध्ये मात्र हा प्रौढांचा, बऱ्याच अंशी अभियांत्रिकी स्वरूपाचा छंद मानला जातो. महाराष्ट्रातील वाचकांस पुण्यातील कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय परिचित असेलच. १९९८ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात लघुरेल्वेचे अख्खे नगर चालताना पाहावयास मिळते. खाजगी संग्रहही आपल्याकडे आहेत. परदेशी राहिलेल्या नातेवाइकांनी साठ-सत्तरच्या दशकांत आणलेली इंजिने कित्येक घरांतील कपाटांत आजही सापडतात. ती बहुधा चालत नाहीत.

न चालण्याचे कारण पुष्कळदा एकच असते. रूळ शाबूत असतात, चाके व दंतचक्रे धड असतात, बाह्यांगाचा रंगही फारसा उतरलेला नसतो; निकामी झालेली असते ती मोटर. नवी मोटर मिळवावी, तर बनवणारी कंपनीच उरलेली नसते. इटलीतील लिमा या कंपनीने स्वस्त इंजिने जगभर पोहोचवली. ती कंपनी बंद पडल्यावर तिची मालमत्ता २००४ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीकडे गेली. जुन्या नमुन्यांचे सुटे भाग त्यानंतर मुख्यतः हातोहातच्या व्यवहारांतून मिळत राहिले. अशा परिस्थितीत निकामी सीडी-ड्राइव्ह, टेपरेकॉर्डर, प्रिंटर यांतील मोटर काढून ती इंजिनात बसवण्याची पद्धत छंदप्रेमींनी विकसित केली. लिमाच्या इंजिनांबाबत ती ब्रिटनमध्ये विशेष रूढ आहे. या पद्धतीमागील भौतिकी आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पदवी स्तरावरील विद्युतशास्त्राच्या अध्यापनासही हा विषय उपयुक्त ठरावा, कारण यात पाठ्यपुस्तकातील एकेक समीकरण हाताला जाणवते.

मोटर झिजते म्हणजे नेमके काय होते :

एचओ या सर्वाधिक प्रचलित मापात मूळ रेल्वे ८७ पट लहान केलेली असते. १४३५ मिलिमीटरचा प्रमाणित रूळमार्ग या मापात १६.५ मिलिमीटरचा होतो. (आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज याच मापाने १९.३ मिलिमीटरचा व्हायला हवा. तथापि भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतीही सोयीसाठी १६.५ मिलिमीटरच्या रुळावरच चालवल्या जातात.) दोन रुळांतून जास्तीत जास्त सुमारे १२ व्होल्टचा एकदिश विद्युतदाब पुरवला जातो. तो कमी-अधिक केला की वेग बदलतो, आणि ध्रुव उलटवले की गाडी उलट दिशेने धावते. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीची जुनी इंजिने याला अपवाद होत. ती प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात व त्यांच्या मोटरीत कायम चुंबकाऐवजी क्षेत्र-वेटोळे असते. पुढील विवेचन त्यांस जसेच्या तसे लागू पडत नाही.

एकदिश मोटरीत झिजणाऱ्या गोष्टी उघड आहेत : ब्रश, कॉम्युटेटर आणि धुरीचे बेअरिंग. ब्रशच्या कार्बनची पूड कॉम्युटेटरच्या फटींत साचते, तेल तिच्यात मिसळते आणि तुकड्यातुकड्यांत अल्प संक्षेप घडू लागतो. एवढ्यावरच भागत असेल, तर मोटर बदलण्याची गरज नाही. फटी लाकडी टोकाने साफ कराव्यात, कॉम्युटेटर अल्कोहोलने पुसावा, ब्रश नवे घालावेत. अर्ध्याहून अधिक ‘मेलेली’ इंजिने एवढ्याने उठतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; दुरुस्तीची ही पायरी गाळून थेट प्रत्यारोपणाकडे वळणे हा उतावळेपणा होय.

चौथी झीज डोळ्यांना दिसत नाही. ती चुंबकाची असते. ब्रिटनच्या ट्रायँग कंपनीच्या एक्स-०४ या प्रसिद्ध मोटरीसारख्या जुन्या उघड्या चौकटीच्या मोटरींत अल्निको मिश्रधातूचा चुंबक असे. या धातुकुलाची सुरुवात जपानच्या तोकुशिची मिशिमा यांच्या १९३१ मधील संशोधनापासून होते. अल्निकोची चुंबकीय तीव्रता चांगली असली, तरी चुंबकत्व टिकवून धरण्याची चिकाटी कमी असते. आर्मेचर बाहेर काढले की चुंबकीय परिपथ खुला होतो आणि चुंबकाचे बळ लक्षणीय घटते. म्हणूनच चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडी पट्टी ठेवल्याशिवाय अशी मोटर खोलू नये, असा दंडक आहे. साफसफाईच्या सद्हेतूने मोटर खोलून तिचा जीव घालवल्याची उदाहरणे या छंदात विपुल आहेत.

चुंबक क्षीण झालेली मोटर वागते कशी, हा विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे. ‘हळू फिरते’ हे सहज येणारे उत्तर चुकीचे आहे. मोटरीतील प्रति-विद्युतचालक बल हे चुंबकीय अभिवाह आणि फेऱ्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. भार नसताना हे बल जवळजवळ पुरवलेल्या विद्युतदाबाइतके होईपर्यंत मोटर वेग घेते. अभिवाह घटला, तर तितकेच बल उत्पन्न करण्यास तिला अधिक वेगाने फिरावे लागते. साहजिकच मोकळे इंजिन पूर्वीपेक्षा जोरात पळते. परंतु फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, हा अभिवाह व विद्युतप्रवाह यांच्या गुणाकाराने ठरतो. अभिवाह २० टक्क्यांनी घटला, तर तोच भार ओढण्यास प्रवाह १.२५ पट लागतो, आणि वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गानुसार दीडपटीहून अधिक होते. परिणामी, एकटे असताना उधळणारे इंजिन चार डबे जोडताच मलूल होते आणि दहा मिनिटांत तापते. हे लक्षण दिसले, की ब्रश बदलून उपयोग नाही.

कोणत्या उपकरणात कोणती मोटर :

फेकून दिलेल्या प्रत्येक उपकरणात मोटर असते, पण प्रत्येक मोटर कामाची नसते. दोन तारा जोडलेली मोटर बहुधा ब्रशयुक्त एकदिश मोटर असते व तीच आपल्याला हवी. तीन किंवा अधिक तारा असल्यास ती ब्रशरहित, आणि चार तारा असल्यास बहुतेक वेळा पायरी-पायरीने फिरणारी स्टेपर मोटर असते. या दोन्हींना स्वतंत्र चालक परिपथ लागतो. हार्डडिस्क व फ्लॉपी-ड्राइव्ह यांतील तबकडी फिरवणाऱ्या मोटरी या कारणाने बाद ठरतात.

सीडी किंवा डीव्हीडी-ड्राइव्हमध्ये तीन यंत्रणा असतात : तबकडी फिरवणारी, लेसरचा गाडा सरकवणारी आणि कप्पा आत-बाहेर करणारी. तबकडीची मोटर नंतरच्या काळातील ड्राइव्हमध्ये ब्रशरहितच असते. कप्प्याची मोटर मात्र साधी असते. सुमारे २४ मिलिमीटर व्यासाची, १२ मिलिमीटर जाडीची, २ मिलिमीटर धुरी असलेली ही चपटी डबी जपानच्या मबुची कंपनीच्या नमुन्यांमुळे सर्वत्र पसरली. लिमाच्या इंजिनातील मूळ मोटरही चपटीच, चकतीसारखी असल्याने ही डबी तिच्या जागी थोड्या काटछाटीने बसते. या योगायोगावरच सबंध पद्धत उभी आहे.

टेपरेकॉर्डरची मोटर दिसावयास भक्कम असते आणि आपल्या घरोघरी ती पडलेलीही असते. तथापि तिच्या डबीत वेग स्थिर राखणारा इलेक्ट्रॉनिक परिपथ दडलेला असतो. विद्युतदाब वाढवला तरी वेग वाढू नये, हेच त्या परिपथाचे कर्तव्य. म्हणजे रेल्वेला जे हवे त्याच्या नेमके उलट. शिवाय तो एकाच दिशेने चालतो. डबी उघडून हा परिपथ वगळल्याखेरीज अशी मोटर वापरता येत नाही. प्रिंटरमधील मोटरी ताकदवान असतात, मात्र एचओ मापाच्या इंजिनात त्या मावत नाहीत. भ्रमणध्वनीतील कंपन-मोटर याउलट इतकी लहान, की तिच्याकडून गाडी ओढण्याची अपेक्षाच व्यर्थ.

हार्डडिस्कमधील निओडिमियम चुंबकांविषयी दोन शब्द. जुन्या मोटरीचा थकलेला अल्निको काढून त्या जागी निओडिमियम चुंबक बसवणे हा मोटर न बदलता इंजिन सुधारण्याचा उत्तम मार्ग आहे. त्याने मोकळा वेग उतरतो, टॉर्क वाढतो, प्रवाह घटतो. मात्र हार्डडिस्कमधील चुंबकाच्या एकाच पृष्ठावर उत्तर व दक्षिण असे दोन्ही ध्रुव शेजारी शेजारी असतात. असा चुंबक मोटरीच्या चौकटीत जसाच्या तसा निरुपयोगी ठरतो. तो कापण्याचा अगर घासण्याचा प्रयत्न करू नये. त्याची पूड पेट घेते. या कामासाठी एका पृष्ठावर एकच ध्रुव असलेले छोटे ठोकळे बाजारातून विकत घेणेच इष्ट.

मोजमाप आणि आकडेमोड :

भंगारातील मोटरीला माहितीपत्रक नसते. तिची दोन राशिमाने स्वतःच काढावी लागतात. पहिले, वेटोळ्याचा रोध. मल्टिमीटर लावून धुरी हळूहळू फिरवावी आणि येणाऱ्या वाचनांची सरासरी घ्यावी. दुसरे, मोटरीचा स्थिरांक. यासाठी मोटर चालवण्याऐवजी तिचे जनित्र करावे. ज्ञात वेगाच्या ड्रिल यंत्रात धुरी पकडून मोटर फिरवावी आणि तारांवर निर्माण होणारा विद्युतदाब मोजावा. समजा, मिनिटाला १००० फेऱ्यांना १ व्होल्ट मिळाला व रोध १० ओहम भरला. सोयीसाठी घेतलेल्या या दोन आकड्यांवरून मोटरीची सारी वर्तणूक वर्तवता येते.

६ व्होल्ट दिले आणि भारामुळे ०.१ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर वेटोळ्यात १ व्होल्ट खर्च होईल. उरलेल्या ५ व्होल्टला मोटर मिनिटाला ५००० फेऱ्या करील. इंजिनाच्या चाकाचा व्यास १२ मिलिमीटर, म्हणजे परीघ ३७.७ मिलिमीटर धरू. मोटर व चाक यांच्यातील दंतचक्रांचे गुणोत्तर २० असल्यास चाक मिनिटाला २५० फेरे घेईल आणि इंजिन सेकंदाला सुमारे १५७ मिलिमीटर सरकेल. याला ८७ ने गुणले की प्रत्यक्ष रेल्वेचा ताशी ४९ किलोमीटर वेग येतो. मालगाडीस हा ठीक आहे. गुणोत्तर १० असल्यास वेग ताशी ९८ किलोमीटर होतो, म्हणजे जलद प्रवासी गाडीचा. तात्पर्य, मंद फिरणारी सीडी-ड्राइव्हची मोटर कमी गुणोत्तराच्या, सरळ दंतचक्रांच्या इंजिनास अनुरूप ठरते. वर्म असलेल्या मोठ्या गुणोत्तराच्या इंजिनात ती रांगत चालेल. अनेकांचा अपेक्षाभंग या एका गुणाकाराअभावी होतो.

बाराचे सहा कसे करावेत :

खरी अडचण येथे आहे. रुळांत १२ व्होल्ट असतात आणि कप्प्याची मोटर साधारणतः ६ व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी घडवलेली असते. तिचे ब्रश कार्बनचे नसून बारीक धातुपट्ट्यांचे असतात. अल्प प्रवाहावर ते उत्तम काम देतात, पण दुप्पट दाबावर ठिणग्या पडून लवकर जळतात. जुन्या नियंत्रकांतून भाराविना १२ व्होल्टपेक्षा बराच अधिक दाब बाहेर पडतो, हेही ध्यानात घ्यावे.

पहिला विचार सुचतो तो एकसर जोडणीत रोधक बसवण्याचा. वरील उदाहरणात ०.१ अँपिअरला ६ व्होल्ट खाणारा रोधक ६० ओहमचा हवा. सपाट रुळावर हिशेब चोख जमतो. आता गाडी चढाला लागली आणि प्रवाह ०.१५ अँपिअर झाला असे समजा. रोधक ९ व्होल्ट गिळतो. मोटरीला उरतात ३, त्यातील दीड वेटोळ्यात जातो आणि फेऱ्या ५००० वरून १५०० वर येतात. ऐन गरजेच्या वेळी रोधक मोटरीचा घास काढून घेतो. मूळ दोष मोटरीचा नसताना ‘सीडीच्या मोटरीत दम नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

डायोडचे वागणे निराळे आहे. सिलिकॉन डायोडवरील दाबाची घट प्रवाह कितीही असो, सुमारे ०.७ व्होल्टच राहते. आठ डायोड एकसर जोडले तर घट ५.६ व्होल्ट होते व मोटरीला ६.४ व्होल्ट मिळतात. ०.१ अँपिअरला फेऱ्या ५४००, चढावर ०.१५ अँपिअरला ४९००. दोन्ही उपायांतील हा फरक आलेख काढून वर्गात दाखवण्यासारखा आहे. गाडी उलटही चालवायची असल्याने विरुद्ध दिशेचे आठ डायोड समांतर जोडावे लागतात, म्हणजे एकूण सोळा. येथे भंगारच पुन्हा मदतीस येते. जुन्या वीजपुरवठा संचातील ब्रिज रेक्टिफायरचे धन व ऋण पाय एकमेकांस जोडून टाकले, तर त्याच्या उरलेल्या दोन पायांतून कोणत्याही दिशेने जाणाऱ्या प्रवाहास दोन डायोड ओलांडावे लागतात. असे चार ब्रिज एकसर जोडले की काम झाले. ०.१५ अँपिअरला त्यांत मिळून ०.८४ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या छतास चिकटवू नयेत. धातूच्या चौकटीवर, विद्युतरोधी पट्टी मध्ये घालून, पसरून बसवावेत.

इंजिनाच्या दोन्ही बोगींत एकेक मोटर बसवून त्या एकसर जोडणे हा आणखी एक मार्ग. प्रत्येकीस निम्मा दाब मिळतो आणि काहीच वाया जात नाही. परंतु एका बोगीची चाके घसरली, की ती मोटर वेग घेऊन दाबाचा मोठा वाटा स्वतःकडे ओढते व दुसरी मंदावते. हलक्या इंजिनात हे वारंवार घडते.

अंकीय नियंत्रण असलेल्या इंजिनात डिकोडरच्या पाचव्या संरचना-चलाद्वारे कमाल वेग मर्यादित करता येतो. तरीही डिकोडर मोटरीला स्पंदांच्या रूपात पूर्ण दाबच देत असतो, सरासरी तेवढी घटते. मोटर जॅम झाल्यास प्रवाह केवळ रोधाने ठरतो. १२ व्होल्ट व १० ओहम म्हणजे १.२ अँपिअर. लहान डिकोडर याने जळू शकतो. एक फायदा मात्र निर्विवाद आहे. जुन्या मोटरींत एक ब्रश थेट चौकटीशी जोडलेला असे आणि डिकोडर बसवण्यापूर्वी तो विलग करण्याची कसरत करावी लागे. बंद डबीच्या मोटरीची दोन्ही टोके मुळातच विलग असतात. डिकोडरच्या नारिंगी व करड्या तारा त्यांना जोडल्या की पुरे.

जोडणीतील बारकावे :

मोटरीच्या धुरीवरील प्लॅस्टिकची कप्पी ओढून काढताना जोर डबीवर येऊ देऊ नये. आतील बेअरिंग सरकते. इंजिनाच्या जुन्या आर्मेचरवरचे लहान दंतचक्र काढून नव्या धुरीवर बसवावे. छिद्र सैल पडल्यास पितळी नळीचा तुकडा मध्ये घालावा, घट्ट असल्यास ते हळूहळू मोठे करावे. हातोडी वापरू नये. दोन दंतचक्रांमधील अंतर हा या कामाचा गाभा आहे. दाते अगदी भिडले तर मोटर कण्हते, दूर राहिले तर दात झिजतात. दोन्हींच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी धरावी, त्या स्थितीत मोटर दोन ठिकाणी चिकटवावी, आणि चिकटद्रव्य सुकल्यावर चाक फिरवून कागद बाहेर काढावा. कागदाच्या जाडीएवढी फट आपोआप राहते. प्रथम सिलिकॉनसारखे काढता येण्याजोगे चिकटद्रव्य वापरून चाचणी घ्यावी, इपॉक्सी त्यानंतर. ब्रशच्या बाजूची छिद्रे बुजणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

चाचणीत प्रथम इंजिन उलटे धरून, मग मोकळे, मग डब्यांसह चालवावे आणि प्रत्येक वेळी प्रवाह नोंदवावा. अर्ध्या तासाने तीच नोंद पुन्हा घ्यावी. प्रवाह उतरला असेल तर दाते जुळत आहेत; चढत असेल तर मोटर तापते आहे आणि डायोड कमी पडत आहेत.

सामग्री कोठून मिळवावी आणि काय जपावे :

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही शहराच्या जुन्या बाजारात निकामी ड्राइव्ह अत्यल्प किमतीत मिळतात. लॅपटॉपमधून ही ड्राइव्ह हद्दपार झाल्याने हा साठा यापुढे वाढणारा नाही, घटणाराच आहे. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतही असे यंत्रभांडार पडून असते, पण तेथे हात घालण्यापूर्वी जडसंग्रह नोंदवहीतील निर्लेखनाची प्रक्रिया पूर्ण झाली आहे ना, हे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२ च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर उपकरणे वापरणाऱ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच सोपवणे बंधनकारक आहे. मोटर काढून घेतल्यावर उरलेली परिपथ-पाटी व लेसर एकक सामान्य कचऱ्यात टाकू नये. लेसरला कुतूहलापोटी वीज जोडू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

शेवटी संग्रहाचा प्रश्न. धावणारे इंजिन आणि अस्सल इंजिन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरच्या नातवंडांसाठी इंजिन धावते करावयाचे असेल, तर सीडी-ड्राइव्हची मोटर बिनदिक्कत बसवावी. परंतु नमुना दुर्मीळ असेल, त्याची पेटी व कागदपत्रे जपलेली असतील, तर चौकट कापणे म्हणजे ऐतिहासिक पुरावा पुसणे होय. अशा वेळी सांगाड्याला धक्का न लावता, जुन्याच चौकटीतील चुंबक बदलण्यापुरता हस्तक्षेप मर्यादित ठेवावा. लिमाच्या सर्वसाधारण नमुन्यांबाबत, ते लाखोंच्या घरात बनलेले असल्याने, हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. कोणताही मार्ग पत्करला, तरी काढलेली मूळ मोटर, स्क्रू व ब्रश एका पाकिटात घालावेत. त्यावर इंजिनाचा क्रमांक, बदलाची तारीख, नव्या मोटरीचा रोध व स्थिरांक आणि वापरलेल्या डायोडांची संख्या लिहून ते पाकीट इंजिनाच्या पेटीतच ठेवावे.